ब्रेमेनचा रुसहोल्ट

रुसहोल्ट हे आडनाव आमच्या खोऱ्याबाहेर कुणी ऐकलेलं नाही. जर्मनीतल्या श्पेसार्टच्या रानात लाकडं जाळून कोळसा पाडणाऱ्यांचं ते नाव. 'रुस' म्हणजे काजळी. चर्चच्या वहीत ते तीनशे वर्षांपूर्वी पहिल्यांदा सापडतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते लावणारी दोनच माणसं उरली, म्हातारा किलियान आणि त्याची मुलगी वालबुर्गा. थोरला मुलगा फ्रान्समध्ये पडला. धाकटा आंटोन रशियात बेपत्ता झाला, पण म्हातारा तो मेला असं कुणाला म्हणू देत नसे.

मी गावच्या टपाल कचेरीत होते. वालबुर्गा लाकडाच्या गिरणीत फळ्या रचायची, आणि सुटीच्या दिवशी माझ्याकडे येऊन परगावच्या टेलिफोनच्या याद्या चाळायची. एकसष्ट साली ब्रेमेनच्या यादीत तिचं बोट थांबलं. आंटोन रुसहोल्ट, गवंडी.

"म्युलरसारखं गल्लोगल्ली सापडणारं नाव असतं, तर मी पान उलटलं असतं," ती म्हणाली. तिनं पत्ता लिहून घेतला.

वडिलांना सांगून ती दुसऱ्याच दिवशी गाडीत बसली. पुढचं मला तिनंच सांगितलं.

दार उघडलं ते एका टकल्या, परक्या माणसानं. आत दोन मुली जेवत होत्या.

"मी वालबुर्गा रुसहोल्ट," ती म्हणाली.

त्यानं दार ओढून घेतलं आणि जिन्यातच पायरीवर बसला. "माहीत होतं, कुणीतरी येणार."

"माझा भाऊ कुठंय?"

"रशियात, कैद्यांच्या छावणीत हगवणीनं गेला. माझ्या शेजारीच होता. सकाळी मी त्याचे बूट घेतले, मग कागद. माझ्या खऱ्या नावानं परत आलो असतो, तर मला फाशी झाली असती, बाई."

"का? काय केलं होतंस?"

आतून एक मुलगी ओरडली, "बाबा, सूप गार होतंय!"

"पोलिसांत जाणार?" त्यानं विचारलं.

"पुरलंय कुठं त्याला?"

"पुरलं कुठलं! जमीन दगडासारखी गोठली होती. प्रेतं कुंपणाशी रचून ठेवायचे."

ती परत आली, तेव्हा किलियान कोट घालून अंगणात उभा होता.

"तो नव्हता, बाबा. आपला आंटोन छावणीतच गेला."

"मग त्या यादीत आपलं नाव कसं?"

"असेल कुणी दुसरा."

"आपल्या नावाचा दुसरा नसतो, पोरी." त्यानं कोट काढला आणि घरात शिरला. ईस्टरच्या आधीच तो गेला.

प्रेतयात्रेहून परतताना मी तिला म्हटलं, "आता तरी कळव पोलिसांना. कोण जाणे, काय करून बसलाय तो."

"त्या पोरींनी काय केलंय?" ती म्हणाली. मग ती थांबली. "पण त्याची बायको त्याला आंटोन म्हणून हाक मारत असेल ना गं. ते काही केल्या डोक्यातून जात नाही."