मोटारीची आतली मूठ

आम्हा लूमवाल्यांची, म्हणजे यंत्रमागवाल्यांची, एक खोड आहे. काहीही अडलं की तेल सोडायचं, आणि तेलानं भागलं नाही की स्प्रिंग बदलायची. घरातलं शिवणयंत्र, सायकलचं स्टँड, कपाटाचं कुलूप, सगळ्यांवर आमचा हाच इलाज. नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत मी नवागामजवळच्या एका खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, मास्टर होतो. लूम बिघडलं की मलाच हाक. त्यामुळे हाताला थोडी मस्तीही चढली होती.

त्या साली आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, बहीण माहेरी आली. लग्नानंतरची तिची पहिलीच आखाजी. खानदेश सुटला होता, पण आखाजी सुटली नव्हती. चाळीच्या जिन्याच्या लोखंडी आडव्या दांडीला झोका बांधला होता, आईनं सांजोऱ्या तळल्या होत्या. बाकीच्या पोरी झोक्यावरून खाली उतरायला तयार नव्हत्या आणि ही आमची चुलीपाशी आईला चिकटून बसलेली. परत धाडायची वेळ आली तेव्हा ती आईला हळूच म्हणाली, "माले जावानं नही शे."

का, ते सांगेना. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "माहेरनी चव लागनी तिले, दुसरं काय!" आणि विषय मिटला. व्याह्यांना दिवस सांगून ठेवलेला होता, शब्द दिलेला होता. आमच्यात पोरीपेक्षा शब्द जड.

पण बाबा काही दगड नव्हते. त्यांच्या मनातही ते वाक्य टोचत असावं. चलथाणच्या व्याह्यांनी लग्नात मानपानावरून तोंड वाकडं केलं होतं. तेव्हा पोरगी मोटारीतून सासरी उतरली, चार लोकांनी पाहिलं, तर तिचा तिथं मान वाढेल, असं त्यांच्या डोक्यात बसलं. मोटार आमच्या सात पिढ्यांत नव्हती. ती होती आमच्या शेठकडे. त्याच्या वडिलांच्या वेळची, गोल पाठीची, खात्यामागच्या पत्र्याखाली ताडपत्री पांघरून बसलेली. शेठ तिला कुणाला हात लावू देत नसे. मी विचारलं तर तो हसला. "मास्टर, पाछळनो दरवाजो अंदरथी खुलतो नथी. सरखो करी आप, पछी लई जा." मागचं दार आतून उघडत नाही, ते नीट कर आणि घेऊन जा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ते हेच.

दाराचं आतलं रेक्झिनचं पान मी स्क्रू काढून उतरवलं. आत सगळा कारभार साधा होता. मूठ ओढली की एक बारीक सळई सरकते, सळई दाराच्या काठावरचं कुलूप सोडते. स्प्रिंग जुनी होऊन मेली होती, म्हणून मूठ मागं येत नसे, अर्ध्यावरच अडकून राहायची आणि कुलूप सुटत नसे. रॉकेलनं धुतलं, तेल सोडलं, तरी तेच. मग मी आमच्यातलं ब्रह्मास्त्र काढलं. लूमच्या सामानातून एक स्प्रिंग निवडली, कापली आणि बसवली. मूठ खट् करून जागेवर यायला लागली. शेठनं स्वतः उघडून पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी फुगलो. लूमची स्प्रिंग दिवसरात्र हाणामारी सोसायला केलेली असते आणि ती सळई कोंबडीच्या पायाएवढी, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

चलथाणला गेलो तेव्हा ऊन रणरणत होतं. गाडी मी चालवत होतो, बाबा शेजारी टोपी सावरत, बहीण मागं सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन. साखर कारखान्याच्या अलीकडे त्यांची वस्ती. मोटार पाहून पोरं धावली, बायका दारात आल्या, व्याही-विहीण बाहेर येऊन उभे राहिले. बाबा ऐटीत उतरले आणि रामराम करायला पुढं गेले.

बहिणीनं मूठ ओढली. काहीच झालं नाही. पुन्हा ओढली, ती नुसती लोंबली. खड्ड्यांच्या रस्त्यानं आणि माझ्या स्प्रिंगच्या ताणानं आतली सळई निसटली होती. दुसऱ्या बाजूला उघडं गटार, तिकडून नवी साडी नेसून उतरणार कशी! मी पुढच्या सीटवरून मागं वाकलो, पक्कड घेऊन मुठीच्या बुडाशी झटू लागलो. सगळी वस्ती बघतेय, मास्टरची अब्रू जातेय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घाम डोळ्यांत जात होता आणि मी त्या मुठीला शिव्या घालत होतो.

"राहू दे, भाऊ," बहीण म्हणाली. "तठे बी आसंच शे."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "काय आसंच?"

"घरनं दार. मझारतून नही उघडस. सासू कामवर जास ना, बाहेरतून कडी लाई जास."

ती माझ्याकडे बघत नव्हती. काचेतून समोरच्या घराकडे बघत होती. माझा हात मुठीवरच थांबला. गाडी चालू करावी, वळवावी आणि तिला घरी न्यावं, असं एकदम मनात आलं. बाबा व्याह्यांच्या गळ्यात गळा घालून उभे होते. किल्ली माझ्या हाताशी होती, आणि मला ती फिरवता येत नव्हती. घरी नेऊन करणार काय होतो? घर बाबांचं, शब्द बाबांचा.

तेवढ्यात विहीणबाई गाडीपाशी आल्या. त्यांनी बाहेरून खटका दाबला. बाहेरच्या खटक्याला सळई लागत नाही, तो थेट कुलपावर बसतो; मला ते सुचलंच नव्हतं. दार एका दाबात उघडलं. "ये माय, उतर," त्या हसून म्हणाल्या आणि तिचा हात धरून तिला उतरवून घेतलं.

परतताना बाबा खूश होते. "देखं ना? कशी हात धरीसन उतारी!" मी कडीचं सांगितलं. ते म्हणाले, "वस्ती खराब शे तठली. जपतस तिले." मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी दाराचं पान पुन्हा उतरवलं. सळई सरळ केली, लूमची स्प्रिंग काढून टाकली आणि बाजारातून मऊ स्प्रिंग आणून बसवली. मागच्या सीटवर जाऊन दार लावून घेतलं आणि एका बोटानं मूठ ओढली. दार आतून अलगद उघडलं. मी ते पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. पुरे आता, झालं, म्हणून शेठ बाहेरून ओरडला, "बस हवे, मास्टर, थई गयुं!" पण मला काही उतरवेना.