चाकणची आतषबाजी आणि सगळ्यांच्या आधी आलेली रिकामी बॅग

सगळ्यांत आधी आत आली ती बॅग. मग विहीणबाई. आणि शेवटी तात्या, म्हणजे आमचे व्याही, कारण रिक्षावाला नांदेडचा निघाला आणि त्यानं गावच्या पाण्याची कहाणी पुरी सांगितल्याशिवाय तात्या रिक्षातून उतरेनात. बॅग एवढी थोर की दापोडीच्या आमच्या दीड खोलीत आधी ती बसली, मग माणसांना जागा शोधली. मी सरकवायला गेले तर हलकी! शेंगा नाहीत, गूळ नाही, हळदसुद्धा नाही. सांगलीकडची विहीण रिकामी बॅग घेऊन येते म्हणजे भरून न्यायला येते, हे कळायला चौथीच्या पुढं शिकावं लागत नाही.

"मोनाची कापडं भराय आणलीया," विहीणबाई टेकायच्या आधीच म्हणाल्या. "सोमवारी घिऊन जातो मी तिला." त्यांच्याकडं बायकाही जातो-येतो असंच बोलतात. कानाला गोड लागतं, त्यामुळं काय म्हणाल्या ते समजायला मला जरा वेळच लागला.

मोना आमची दोघींची नात. माझ्या लेकीची लेक, त्यांच्या लेकाची लेक. डिप्लोमा करायला माझ्याकडं आली ती राहिली. चाकणला एका कारखान्यात लागली, मग ती नोकरी सोडून दुसरीकडं गेली. मी गावी फोनवर सांगितलेलं, पोरगी चाकणच्या कंपनीत आहे. यात एक अक्षर खोटं नाही. चाकणला आहे, कंपनीत आहे. ती कंपनी गाण्याच्या ठेक्यावर आकाशात फटाके उडवते, एवढंच सांगायचं राहून गेलं. पण गावात कुणाच्या तरी मोबाईलवर मोना दिसली, डोक्यावर हेल्मेट, मागं लोखंडी नळकांड्यांची रांग. गावाला हल्ली पाण्याच्या आधी नेट येतं.

आता विहीणबाई रागावल्या ते काही उगाच नाही. तात्यांनी चहाचा कप डाव्या हातानं धरला होता. उजव्या हाताची दोन बोटं त्यांच्या गावच्या यात्रेत गेली, शोभेची दारू उडवताना. त्या गावची रीत अशी, की दारूकामाचा नारळ एकदा फुटला की थांबायचं नाही. त्या वर्षी नारळ फुटला आणि वारा फिरला. दोघंतिघं म्हणाले, थांबू या. जाणत्या मंडळींनी नारळाकडं बोट दाखवलं. तात्यांची दोन बोटं गेली, जाणत्यांचं काही गेलं नाही. तेव्हापासून त्या घरात दिवाळीला फुलबाजी येत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी सांगायचं राहू दिलं. ते माझं चुकलं. इथं लिहून टाकते, तोंडानं मात्र कबूल करायला लावू नका.

जावयांना फोन केला तर ते म्हणाले, "आई म्हणेल तसं." चाळिशी उलटून गेली, पण आईसमोर जावई अजून बालवाडीतच. मोना शिफ्ट संपवून आली, दोघींच्या पाया पडली आणि तीन पास टेबलावर ठेवले. रविवारी चाकणजवळ एका मैदानावर मोठी आतषबाजी होती, रॉक संगीताच्या तालावर.

"आजी, एकदा बघ. मग तू म्हणशील तर बॅग मीच भरते."

"बघाय काय हाय त्यात? जळतंय कसं ते म्हाईत हाय मला."

तात्या एवढंच म्हणाले, "बघू की." तात्या दिवसाला चारपाच शब्द वापरतात, त्यातले दोन इथं खर्च झाले म्हणजे मामला गंभीर.

तर ज्यांना असल्या कार्यक्रमाला जायचंय त्यांच्यासाठी सांगते. जाहिरातीत लिहिलेलं, सायंकाळी सात. आम्ही घरातून एक वाजता निघालो. मोना सकाळीच गेली होती. दापोडीहून बसनं भोसरी, भोसरीहून नाशिक रोडच्या बसनं चाकण. अंतर म्हणाल तर फार नाही. पण चाकणचा चौक हे एक वेगळं गाव आहे, तिथं मुक्काम केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. डावीकडं कंटेनर, उजवीकडं कंटेनर, मधे आमची बस, आणि पुढं एक पोलीस शिट्टी वाजवतोय, तीही तालात. मोशीला बस थांबली तेव्हा खिडकीतून वडापाव घेतले, पंधराला एक, चटणी झणझणीत. इथंच खाऊन घ्या. मैदानावर तोच वडापाव पन्नासला आणि बरोबर मिरचीसुद्धा नाही.

विहीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "काय ओ विहीणबाई, हितं शेतं कुठं गेली?"

"शेतांत कंपन्या उगवल्या."

"आनि माणसं?"

"ती कंपन्यांत उगवतात. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते पदरात दाबलं. मला हसू दाखवायचं नाही असं ठरवून आलेल्या बाईला हसवण्यात जी मजा आहे ती कुठल्या तीर्थाला नाही.

चाकणहून शेअर रिक्षा. तीन माणसांच्या जागेत सहा, ही इथली पद्धत. मधे बसू नका, गुडघे पोटात जातात. मैदान म्हणजे एका बिल्डरनं घेतलेलं माळरान. वीस मजली इमारतींची चित्रं फलकावर, खाली बाभळी. आतषबाजी कशासाठी, तर इमारतींचा शुभारंभ. अजून एक वीट नाही, पण आकाशात धूर आधी करायचा. माळाच्या कडेला एक गोठा, त्याच्याशेजारी ज्वारीच्या कडब्याच्या दोन उंच गंज्या. तो शेतकरी जमीन विकायला नाही म्हणाला असावा, त्याचं कुंपण फलकापेक्षा जुनं होतं.

बायकांनी लक्षात ठेवायची गोष्ट: स्वच्छतागृहं दोन होती आणि दोन्हीला कुलूप होतं. चावी ज्याच्याकडं तो माणूस फार महत्त्वाचा, म्हणून सापडत नाही. निघण्याआधीच सोय बघा, पाणी बेतानं प्या. सतरंजी न्या. पुढचे सोफे पाहुण्यांसाठी, आणि ते पाहुणे शेवटपर्यंत येत नाहीत. आम्ही दोरीच्या अगदी जवळ सतरंजी टाकली. दोरीपलीकडं दहा पावलांवर मोनाचं टेबल. टेबलावर कॉम्प्युटर, बटणांची एक पेटी, पेटीला किल्ली, आणि काठीवर भिंगरीसारखं वारा मोजायचं यंत्र. पलीकडं माळावर नळकांडी रोवलेली, तिथं तिचे साहेब वायरी तपासत होते. मोनानं मला आधीच समजावलेलं, की गाण्याच्या कुठल्या ठोक्याला कुठलं नळकांडं पेटवायचं ते कॉम्प्युटर जाणतो. पण ती किल्ली माणसानं फिरवल्याशिवाय काही पेटत नाही. आणि किल्ली मोनाच्या हातात.

पाच वाजता बँडची तपासणी सुरू झाली. चार पोरं, केस माझ्यापेक्षा दाट. ड्रमवाला भोसरीत एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे म्हणे. त्यानं पहिला ठोका दिला तसं माझ्या अंगावर सरसरून काटा आला. धाड धाड धाड टन्न! अहो, हा तर आमच्या ह्यांच्या प्रेस मशीनचा आवाज! तीस वर्षं मी ह्यांचा डबा घेऊन भोसरीच्या शेडमध्ये जायची, हाच ताल ऐकत. आणि लोक म्हणतात रॉक संगीत परदेशातून आलं. मी मान हलवायला लागले.

विहीणबाईंनी कानातला कापूस काढून विचारलं, "गानं कवा सुरू हुनार?"

"हेच गाणं."

"हे व्हय? मला वाटलं जनरेटर बिघडलाय."

त्यानंतर वाट बघणं. माईकवरचा माणूस दर पाच मिनिटांनी सांगायचा, "अवघ्या काही क्षणांत आकाश थरारणार आहे!" असे काही क्षण पावणेदोन तास चालले. पोरं रडली, भेळ संपली, आकाशाला घाई नव्हती. तरी खोटं का बोलू, मला गुदगुल्या होत होत्या. सत्तरी आली, पण मी मोठी आतषबाजी कधी पाहिली नव्हती. गणपतीत दुसऱ्याच्या गच्चीवरून दिसेल तेवढीच. पहिला बाण कुठल्या रंगाचा असेल, हिरवा का सोनेरी, याची मनातल्या मनात मीच माझ्याशी पैज लावत होते. आणि बाजूला विहीणबाई, हात घट्ट मांडीवर, नजर आकाशाकडं नाहीच, फक्त मोनाच्या हातांवर. मग माझ्याही गुदगुल्या थंड झाल्या. पोरीच्या हाताला आज काही झालं असतं तर बॅग भरायला मीच बसले असते.

सव्वासहाला कोट घातलेला बिल्डरचा माणूस आला, बरोबर भटजी. मोना म्हणाली, "साहेब, आधी वारा बघते, मग पूजा करू." तो म्हणाला, "मुहूर्त टळतोय." नळकांड्यांना हळदकुंकू वाहिलं, हार घातला, आणि फाट्कन नारळ फुटला. टाळ्या. आणि अर्ध्या तासात, बाई, माझ्या पदराचं टोक जे मघापासून पश्चिमेला उडत होतं ते गोठ्याच्या दिशेनं फडफडायला लागलं. काठीवरची भिंगरी वेड्यासारखी फिरत होती. मोनानं एकच छोटा बाण चाचणीला सोडला. वर नुसता पांढरा धूर, आणि तो धूर सरळ चालत गेला कडब्याच्या गंजीवर.

मोनानं माईकवाल्याला हातानं थांबवलं. "आज उडवता येणार नाही. वारा गंजीवर चाललाय."

कोटवाला धावत आला. "मॅडम, हजारो लोक आलेत! दहा मिनिटांचा तर खेळ आहे."

"ठिणगीला दहा मिनिटं लागत नाहीत."

"अहो, नारळ फुटलाय! नारळ फुटल्यावर थांबत नसतात!"

माझ्या शेजारी तात्या उभे राहिले. मी वळून बघितलं नाही, मला बघवेना. मोनानं एकदा गंजीकडं बघितलं. माझी नात आहे, घाबरली की खालचा ओठ चावते, तो चावला. मग तिनं पेटीतली किल्ली काढली, पँटच्या खिशात टाकली आणि वरून चेन लावली. "नारळ तुम्ही फोडलाय साहेब. किल्ली माझ्याकडं आहे."

कोटवाल्यानं पलीकडं उभ्या तिच्या साहेबांना हाक मारली. साहेब तिथूनच ओरडले, "मोना सांगेल तसं!"

तो आणखी काही बोलणार, तेवढ्यात दोरीच्या अलीकडून आवाज आला. माझा नव्हता. मी तर सतरंजीला धरून बसले होते.

"ओ कोटवालं! नारळ फुटलाय तर खोबरं वाटा की! पोरगीवर कशाला वरडताय?"

विहीणबाई! कमरेवर हात, कानात कापूस, आणि दोरीला पोट टेकलेलं. मागची माणसं हसली. कुणीतरी ओरडलं, "खोबरं! खोबरं!" आणि मग सगळं मैदानच खोबरं मागायला लागलं. तेवढ्यात त्या टर्नर पोरानं काय डोकं चालवलं बघा, त्याच ठेक्यावर ड्रम धरला. धाड धाड टन्न, खोबरं! धाड धाड टन्न, खोबरं! भटजींनी खरंच तबक फिरवलं. एवढ्या लोकांत एक नारळ कितीसा पुरणार, पण बँडनं पुढं तासभर वाजवलं आणि कुणी उठलं नाही. आतषबाजी होळीच्या आधीच्या रविवारी करू असं कोटवाल्यानं जाहीर केलं, पडलेल्या चेहऱ्यानं.

मोना वायरी गुंडाळत होती तिथं आम्ही गेलो. विहीणबाईंनी तिचे दोन्ही हात घेतले, बाजारात कांदे निवडावेत तसे उलटेसुलटे करून बघितले.

"धा हायत."

"हो आजी."

"धाच्या धा ठेव."

तात्या बराच वेळ त्या पेटीकडं बघत होते. मग म्हणाले, "त्या साली कुनीतरी किल्ली अशी खिशात टाकाय पायजे हुती." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मोनानं त्यांचा उजवा हात धरला आणि टेम्पोपर्यंत सोडला नाही.

परत येताना कंपनीच्या टेम्पोनं आम्हाला भोसरीपर्यंत सोडलं, त्यामुळं चाकणच्या चौकातला दुसरा मुक्काम आम्ही टेम्पोतच, पसरून, केला.

तर प्रवासाचा हिशेब असा, की आतषबाजी बघायला गेलो आणि एक पांढरा धूर बघून आलो. हिरवा का सोनेरी, ते मला अजून कळलं नाही. तुम्ही विचाराल, जावं का? जावं. वारा बघून जावं, एवढंच. घरी आल्यापासून मी भाकरी थापते तीही धाड धाड टन्न, आणि शेजारीण विचारते, काय बिघडलंय.

सोमवारी विहीणबाई निघाल्या. मी दारात बॅग पुढं केली, मुद्दामच.

"राहू दे हितं," त्या म्हणाल्या. "येताना शेंगा आणतो तवा पोत्यातनं आणीन. जाताना कशात तरी भरून न्यायला नको?"

"काय न्यायचंय?"

"तुमची ती चटणी. मोशीची." आणि रिक्षात बसता बसता, "आनि कापूस नगं आता. सवय झाली."

बॅग अजून दीड खोलीतली अर्धी खोली अडवून बसली आहे. मोना तिच्यावर पाय ठेवून चहा पिते. होळीच्या आधीच्या शनिवारी दोघं येणार आहेत, दुपारच्या बसनं. मी कॅलेंडरवर त्या चौकोनात कुंकवाचं बोट लावून ठेवलंय.