मंदाताईच्या पानावरचं वांगं

मंदाताईला मी शेवटची भेटले ती वर्ध्याच्या दवाखान्यात, ती जाण्याच्या चार दिवस आधी. ताप उतरला होता, डोळे जरा टवटवीत दिसत होते. नर्स आली, उशाशी वाकून म्हणाली, "आजी, आता थोडं थोडं खायला लागा. काय खावंसं वाटतं?" साधाच प्रश्न. पण माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं उत्तर देण्याआधी दाराशी उभ्या असलेल्या भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "घरून वांग्याची भाजी आणतो. तिले तेच आवडते." मंदाताईनं हसून मान हलवली. मी खुर्चीतच होते. अहो, हिला तर वांगं... एवढं माझ्या ओठांवर आलं होतं. पण इतक्या वर्षांत माणसाची जीभ बदलली असेल, आपण कशाला मध्ये तोंड घाला, असं म्हणून मी गप्प बसले. ते गप्प बसणं गेला दीड महिना मला आतून कुरतडतं आहे.

कारण मला पक्कं ठाऊक होतं. हिंगणीच्या आमच्या घरात मंदाताईच्या आवडीनिवडी म्हणजे सगळ्यांच्या डोक्याला ताप होता. रिबिनी हिरव्याच हव्यात, एसटीत खिडकीच हवी, पेरू अर्धाकच्चा आणि तिखटमीठ लावूनच. आणि वांगं? नाव काढलं तरी नाक मुरडायची. एकदा आईनं हट्टाला पेटून तिला ताटावरून उठूच दिलं नाही. सकाळी वाढलेली फोड दिवेलागणीपर्यंत ताटात तशीच, आणि ही पाठ ताठ करून समोर बसलेली. शेवटी आईनंच ताट उचललं. "ही पोरगी सासरी नांदन कशी, बाप्पा?" असं ती बाबांना म्हणाली, आणि मी, चार वर्षांनी धाकटी, ताईकडे अशा कौतुकानं पाहिलं की विचारू नका.

आणि दिली कुठे, तर नाचणगावला, भाजीपाला पिकवणाऱ्या घरात! चार एकराचा मळा, त्यात बारा महिने वांगी, पुलगावच्या बाजारात त्यांच्या वांग्याला नाव. लग्न ठरलं तेव्हा मी हसून लोळले होते. आता त्या हसण्याची लाज वाटते. लग्नात तिचं नाव बदलून सुलोचना झालं, पण नाचणगावात तेही कोणी फारसं घेतलं नाही. आधी ती नवी सून होती, मग बंडूची आई झाली, मग आजी. पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा वांग्याच्या देठांचे काटे रुतून तिची बोटं खरबरीत झाली होती. मी विचारलं, "खातेस का गं?" ती म्हणाली, "घरच्या मळ्यातलं आहे व लता. साऱ्यायचं पोट त्याच्यावर आहे. नाई कसं म्हनू?" त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

पुढे तिच्या हातच्या भाजीचा सगळीकडे बोलबाला झाला. पाहुणे फर्माईश करून यायचे. मी स्वतः दोनदा वाढून घ्यायचे, वर डबा भरून वर्ध्याला आणायचे. फोन केला, की मी विचारायचे, "ताई, कशी आहेस?" ती सांगायची, भाऊजींचा गुडघा दुखून राह्यला, बंडूचं ट्रॅक्टर दुरुस्तीले टाकलं, नातवाले दात आला. दहा-पंधरा मिनिटं बोलायची, आणि फोन ठेवल्यावर मला सगळ्यांची खुशाली कळलेली असायची. तिची कळलेली नाही, हे माझ्या ध्यानात यायचंही नाही. तीस वर्षं शाळेत पोरांना प्रश्न विचारण्याचा पगार घेतला मी, पण बहिणीला दुसरा प्रश्न विचारणं सुचलं नाही.

सोमवारी दुपारी भाऊजींचा फोन आला... ताईचं हृदय बंद पडलं होतं. अंत्ययात्रेच्या वेळी बायका म्हणत होत्या, कुंकू घेऊन गेली, सोनं झालं. मला इतका राग आला की मी उठून मळ्याकडे निघून गेले.

तेरवीच्या आदल्या दिवशी ओसरीवर स्वयंपाकाचं ठरत होतं. गेलेल्या माणसाच्या नावानं पान वाढतात, त्यावर त्याच्या आवडीचा एक तरी पदार्थ हवा. बंडू म्हणाला, "आईले वांगंच आवडे." भाऊजींनी मान हलवली. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिला वांगं आवडत नव्हतं." भाऊजी म्हणाले, "असं काऊन बोलून राह्यल्या तुम्ही? बेचाळीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं मी." मी म्हटलं, "तुम्ही खाल्लंत भाऊजी. तिला खाताना पाहिलंत का?" बंडूनं आठवून पाहिलं. ती वाढायची, सगळ्यांची पानं उठल्यावर आत बसायची. बेचाळीस वर्षांत त्या घरातल्या एकाही पुरुषानं तिचं ताट पाहिलं नव्हतं.

तेव्हा दाराआडून बंडूची बायको प्रीती बोलली, "मी पाह्यलं. आई माझ्यासंगं शेवटी बसत. रस्सा सोताले घेत, अन् फोडी साऱ्या माझ्या ताटात टाकत. मले वाटे, लाड करून राह्यल्या."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. म्हणजे ती होती! पाठ ताठ करून बसलेली आमची मंदा त्या चुलीमागे शेवटपर्यंत होती, आणि कुणाच्या नजरेला पडू नये इतक्या शिताफीनं जगत होती. भाऊजींनी डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा काढून तोंडावर धरला. मग म्हणाले, "तिच्या पानावर वांगं नोका वाढू." एवढं ठरलं. पण मग वाढायचं काय? सगळे माझ्याकडे पाहू लागले. आणि मला सांगता येईना. माझ्याजवळ होती ती परकर-पोलक्यातल्या मुलीची माहिती. साठी ओलांडलेल्या बाईला काय आवडत होतं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? दुसऱ्या दिवशी पानावर वरण, भात, पोळी, बुंदी वाढली आणि एका कडेला अर्ध्याकच्च्या पेरूच्या दोन फोडी ठेवल्या. बरोबर की चूक, ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. घरी आल्यावर मी आमच्या ह्यांना विचारलं, मला काय आवडतं सांगा. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "चहा." चहा सोडून मला पाच वर्षं झाली. पण खरी धास्ती वेगळीच आहे, आणि ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

तेरवी आटोपून निघाले तेव्हा प्रीती मला स्कुटीवरून पुलगावच्या स्टँडवर सोडायला आली होती. गाडीला वेळ होता. मी सहज म्हटलं, "तुला त्या फोडी तरी आवडायच्या ना गं?" तिनं आजूबाजूला पाहिलं, ओळखीचं कोणी नाही ना म्हणून. मग हळूच म्हणाली, "नाई मावशी. मले लहानपणापासून वांगं चालत नाई. पण आई इतक्या मायेनं वाढत..." ताईनं आपल्या ताटातली फोड आईच्या घरी दिवसभर नाकारली होती, आणि इथे ती न बोलता सुनेच्या ताटात सरकवली होती. मी म्हटलं, "मग आता तरी घरी सांग." ती म्हणाली, "आता कसं सांगू? सात वर्षं झाली. अन् बाबा म्हणते, आता आईसारखी भाजी तूच करजो."

दर रविवारी मी तिला फोन करते. सांगितलंस का? "सांगतो ना मावशी," म्हणते, आणि बंडूचं, पोराचं, भाऊजींच्या गुडघ्याचं सांगत बसते. तो सूर ऐकला की मला ताईचे फोन आठवतात. तिचं तिनं सांगावं हेच बरोबर, मला कळतं. पण दवाखान्यात मी एकदा गप्प बसले आहे, म्हणून हे सगळं पेपरात लिहायला घेतलं. नाचणगावला हा पेपर सकाळी नऊला पोचतो आणि भाऊजी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. प्रीती, तुला न विचारता लिहिलं. राग आला तर फोन करून माझ्याशी भांड, मी ऐकून घेईन. पण आज तुझ्या ताटात वांगं घेऊ नकोस.