रेड्याच्या चालीचं इंजिन

समुद्रकाठच्या सांडोर गावच्या सालोमीनं नवऱ्यामागं एकवीस वर्षं केळीची वाडी एकटीनं राखली. सोबतीला एक रेडा. तो गोल गोल फिरायचा, रहाटाची गाडगी विहिरीतून वर यायची, आणि लाल लुगड्याचा काष्टा खोचून ती त्याच्यामागं चालत असायची. त्रेपन्न सालच्या ईस्टरनंतर रेडा मेला. केळी ऐन घडावर आलेल्या, आणि रहाट उभा! शेजारचा फर्डिनंड रोज तासभर आपला बैल देई. पण तेवढ्या पाण्यानं जमिनीचे नुसते ओठ भिजत.

तेव्हा तिच्या अंगणात दोन पोरं येऊन उभी राहिली. एक होळी गावचा हिलरी, दुसरा त्याचा सोबती नरहरी. दोघंही मुंबईला इंजिनिअरिंग शिकत होते. कागदावरची गणितं पुरे, आता खऱ्या माणसाची खरी अडचण सोडवा, असं त्यांच्या प्राध्यापकांनी बजावलं होतं.

"मावशी, रेड्याच्या जागी इंजिन लावू," नरहरी म्हणाला.

"खातं काय ते?"

"रॉकेल."

"आणि शेण?"

"धूर देतं फक्त."

"म्हणजे खतालाही मुकले मी!" सालोमी म्हणाली, पण तिनं वाडीचं फाटक उघडलं.

पोरांनी भंगारातलं इंजिन आणलं, लाकडी चाकं कातली, पट्टा चढवला. चाचणीच्या दिवशी नाटकाचा खेळ असावा तसा गाव लोटला. इंजिन खोकलं, गुरगुरलं, आणि रहाट असा गरगरला की गाडगी दिसेनाशी झाली! पाटातून पाणी उसळत धावलं. सालोमीनं छातीवर क्रूस केला. एवढं पाणी तिनं जन्मात एका वेळी पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तासानं तिनं सवयीनं पाटात बोट बुडवून जिभेला लावलं आणि ओरडली, "बंद करा! आधी बंद करा!"

"मावशी, विहिरीत अजून पुरुषभर पाणी आहे."

"आहे, पण खारं! गोडं पाणी वर तरंगतं, बाबा, खाली समुद्र बसलाय. सावकाश घेतलं तर गोडं भरत राहतं. ओरबाडलं की खालचं वर येतं. दोन दिवस हे पाजलं तर माझी वाडी जळेल."

फर्डिनंड हसला. "चार बुकं शिकून रेड्याची अक्कल नाही आली!"

नरहरी हसला नाही. त्यानं पाण्याची चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि खिशातून घड्याळ काढलं. "मावशी, रेडा कसा चालायचा? चालून दाखवा."

आणि काय दृश्य ते! रेड्याच्या खुरांनी खोल झालेल्या वाटेवरून सालोमी चालू लागली. चढावर मंद, उतारावर जरा झपाझप, मध्येच घटकाभर उभी. मागून कॉलेजातला पोरगा वहीत तिचे फेरे टिपतोय! तिच्या पायांत एकवीस वर्षांची चाल होती, आणि ती आज कुणी शिकायला बसलं होतं.

आठवड्यानं पोरांनी रहाटाच्या बाजूला मोठं चाक बसवलं. इंजिन तेच, पण रहाट आता रेड्याच्या चालीनं फिरू लागला. मध्ये विहिरीला विश्रांती द्यायला पट्टा उतरवायचीही सोय होती. दुपार झाली, उन्हं कलली, तरी पाणी गोडंच राहिलं. केळींची माना टाकलेली पानं दोन दिवसांत उभी झाली.

सालोमी बांधावर बसली. पाणी चालू असताना ती बसलेली गावानं पहिल्यांदाच पाहिली. हातांचं काय करावं, ते मात्र तिला बराच वेळ कळेना.