काट्यावरचं न वापरलेलं नाव
सरकीचा वास आला की जालन्याबाहेरची ती कापसाची जिनिंग मिल आठवते. वजनकाट्याच्या पावत्या छापणारा सी भाषेतला प्रोग्राम तेव्हा माझ्या हाती आला होता. तो लिहिणारा काटेवाला दिवाळीत वारला होता. मालकांच्या सांगण्यावरून मी पावतीवर त्याचं नाव छापणारी ओळ काढली, तसा कोड तपासणारा कंपायलर दर वेळी बजावू लागला की हे पॅरामीटर, म्हणजे बाहेरून येणारं त्याचं नाव घेणारी जागा, फंक्शनमध्ये कुठंच वापरलेलं नाही. मला असला पसारा खपत नसे. मी ते पॅरामीटरच खोडलं. दुपारी कुंभार पिंपळगावची कापसाची गाडी काट्यावर चढली. पावती वाचून म्हातारा शेतकरी जागीच थांबला. “साहेब, हे तर वारले ना? मंग मह्या कापसावर यांचं नाव कसं काय आलं?” शेतकऱ्याच्या नावाच्या जागी खरंच काटेवाल्याचं नाव होतं. कारण साधं होतं. नावं पाठवणारी दुसरी फाइल त्यानंच बनवलेली, तिचा मूळ कोड कुणाकडेच नव्हता. ती त्याचं नाव पाठवतच राहिली, आणि मी त्याची जागा मोडल्यामुळे ते पुढच्या जागेत सरकलं. मी पॅरामीटर परत ठेवलं आणि खाली ‘व्हॉइड’ची ओळ लिहिली, म्हणजे हे येतं ते ठाऊक आहे, पण वापरायचं नाही. कंपायलर गप्प झाला. परवा कळलं, तिथं अजून तोच कम्प्युटर चालतो. म्हणजे गाडी काट्यावर चढली की तो काटेवाला अजूनही येत असणार, आणि माझ्या त्या ओळीपाशी मुकाट उभा राहत असणार.