आयेने पारखलेली गाडी

माझी सासू काशीबाई माणसं विसरायची. कोणाची लेक कुठे दिली, कोणाचा झील कुठल्या नोकरीला, हे तिला दर खेपेला सांगावं लागे. पण कोणी काय केलं ते ती विसरत नसे. माझ्या लग्नात माझ्या मावशीने तिला विडा उशिरा दिला, ते मी चार पोरांची आई झाल्यावरही ऐकत होते. तिला आम्ही सगळे आये म्हणत असू.

आये शिरोड्याची मासे विकणारी बाई. पहाटे किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून झालं की बांगडे घ्यायचे, पाटी भरायची आणि सावंतवाडीचा बाजार गाठायचा. बसमध्ये ओल्या पाटीला जागा कोण देणार? म्हणून ती गावातल्या भाईच्या लॉरीतून जायची. भाईची एकच लॉरी, पण रुबाब दहा लॉऱ्यांचा. आये त्याला भाडं द्यायची, वर रोज चार निवडक बांगडे द्यायची. अशी पाच वर्षं गेली.

नवे पैसे आले त्या वर्षीची गोष्ट. वैशाख होता. मळेवाडला एक वऱ्हाड गाडीची वाट बघत उभं होतं. भाईने लॉरी थांबवली, वऱ्हाडी चढले आणि नाकाला पदर लावू लागले. भाई मागे आला.

"काशीबाय, उतर गो."

"मधीच खंय उतरू रे? बाजार अजून सात मैल आसा."

"वऱ्हाडात बांगडो चलना नाय. उतर, उशीर होता."

लॉरीतले सगळे हसले. ती उतरली. पाटी वरच होती, ती हात वर करून मागत होती. भाईने पाटी उचलून दिली नाही. पायाने लोटली. अर्धे बांगडे मातीत पडले.

ती धुळीतून वेचून सात मैल चालली. बाजारात पोचेतो मासे मऊ पडले होते, एका काजूच्या झाडाखाली ओतून परत आली. मी तिच्या तळव्यांना खोबरेल लावत होते. फोड करवंदाएवढे. मी रडत होते, ती नाही.

"पाय बरे होतले गो सुगंधा," ती म्हणाली. "पाटयेक पाय लायलो, ता काय बरा व्हवचा नाय."

पाटी म्हणजे आमचं पोट. कोळंबीचं एक डोकं चुकून पायाखाली आलं तरी आम्ही हात लावून नमस्कार करणारी माणसं.

त्यानंतर ती भाईच्या लॉरीत बसली नाही. सात वर्षं डोक्यावर पाटी घेऊन आजगाव, आरोंदा करत फिरली. लॉरी बाजूने गेली की भाई हॉर्न वाजवून हात हलवी. "म्हातारी रुसली!" म्हणे. ती धूळ बसेपर्यंत उभी राहायची आणि मग चालू लागायची.

चौसष्ट साली आमचे हे मिलिटरीतून सुटून आले. तिथे ते ड्रायव्हर होते. घरी येऊन नारळ पाडण्यात त्यांचं मन लागेना. गाडी घ्यायची ठरली. आयेने आपल्या पाटल्या काढून त्यांच्या हातात ठेवल्या आणि म्हणाली, "घे. पण पारखूक मी येतलंय."

बेळगावात एक व्यापारी मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात घेऊन विकत असे. आम्ही तिघं आंबोलीचा घाट चढून गेलो. आये घाटात तीनदा ओकली, पण वर पोचल्यावर पदर सारखा करून अशी उतरली की जणू रोजच येते.

व्यापाऱ्याने दोन गाड्या दाखवल्या. एक बंद बांध्याची, हिरवा ताजा रंग, आत दोन्ही बाजूंना मऊ बाकं. दुसरी पिकअप. पुढे दोघा-तिघांची जागा, मागे उघडा हौदा, रंगाचे पोपडे निघालेले. ह्यांचे डोळे हिरवीवर. शिरोडा ते सावंतवाडी रोज माणसं न्यायची, पावसात भिजायला नकोत, म्हणून हिरवी.

आये दोन्ही गाड्यांभोवती फिरली. वाकून खालून बघितलं. चाकांवर थाप मारली.

"काय वो मावशी," व्यापारी हसला, "दात बघताय काय?"

"दात नाय बघनंय. मान बघतंय. ही वढता काय?"

"वढती म्हणजे? चारी चाकांना जोर आहे हिच्या! हा गिअरचा दांडा, आणि शेजारचा हा बुटका दांडा पुढं टाकला की हत्ती होती बघा. चालती मात्र म्हातारीवाणी."

"म्हातारी किती चलता ता तुका काय ठावक?" आये म्हणाली. "ती थंय मेलेली लॉरी आसा, ती वढून दाखव."

आवाराच्या कोपऱ्यात एक बंद पडलेली लॉरी होती. व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला, पण गिऱ्हाईक जाईल म्हणून दोर बांधायला लावला. त्याचा एक माणूस लॉरीत चढून स्टिअरिंगला बसला. आमच्या ह्यांनी पिकअप बुटक्या दांड्यावर घातली. हिरवीपेक्षा आवाज दुप्पट, पण लॉरी हलली आणि मुंगीच्या पावलांनी चढ चढून वर आली.

आये लॉरीकडे बघत नव्हती, त्या माणसाकडे बघत होती.

"लवू, तो कित्या बसलो थंय?" तिने ह्यांना विचारलं.

"स्टिअरिंग धरूक कोणतरी व्हयोच आये. नायतर गाडी खड्ड्यात जातली."

"तेका हय-थंय बघूक गावता?"

"नाय. दोराकडे नि फुडल्या गाडयेकडेच बघूक व्हया. दोर ढिलो पडलो तर ब्रेक मारूचो असता."

"सगळी वाट?"

"सगळी वाट."

आयेने हौद्याच्या फळीवर हात ठेवला, जसा बैलाच्या वशिंडावर ठेवतात. "हीच घे," ती म्हणाली.

घरी येईपर्यंत मायलेकांची कटकट चालली. "आये, रोज चालवूची ती गाडी बघूची का एक दिस वढूची?" ती म्हणे, "रोज चालतलीच. आणि एक दिस वढतली." शेवटी ह्यांनी गावदेवी माऊलीला कौल लावायचा म्हटलं. गुरवाने देवीच्या पाषाणावर फुलांचे ओले कळे चिकटवले, हिरवी घ्यावी का म्हणून गाऱ्हाणं घातलं. उजवा कळा पडला. घ्यावी. ह्यांचं तोंड फुललं.

"थांब," आये गुरवाला म्हणाली. "तू माऊलीक अर्धाच सांगलंस. वढूचा सांगूकच नाय."

"काशीबाय, कौल झालो."

"रस्त्याचो झालो. वढूचो खंय झालो? परत लाव."

गुरवाने कधी कोणाचं ऐकलं नसेल, पण तिचं ऐकलं. दुसऱ्या खेपेला कळा पडेचना. आये हात जोडून उभी. अर्धी घटका गेली, माझ्या पायाला मुंग्या आल्या. मग ओढणारीसाठी उजवा पडला. वारा आला होता असं हे म्हणत. मी काही म्हणत नाही.

पिकअप आली. रोज चालली, चांगली चालली. सकाळी मासे, दुपारी माणसं. पावसाआधी किनाऱ्यावरच्या होड्या ओढून वर घ्यायला लोक आम्हालाच बोलवीत. चिखलात रुतलेल्या गाड्या ओढल्या, एकदा कोणाचा तरी बैलही ओढून काढला. हौद्यात काथ्याचा दोर कायम असे. गाडी ओढून घरी आलो की आये विचारी, "भाईची काय?" हे म्हणत, "नाय." ती म्हणे, "बरा," आणि भात वाढायला घेई.

अशी तीन वर्षं. मला वाटे म्हातारी आशेवरच जाणार.

सदुसष्टच्या मार्गशीर्षात, शिरोड्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, मळेवाडला फेरी करून उरलेले बांगडे घेऊन आम्ही परत येत होतो. आजगावच्या अलीकडे रस्ता दोन्ही बाजूंनी कापलेला, अरुंद. पुढे बस अडलेली, बाजाराच्या माणसांनी गच्च. बसच्या पुढे भाईची लॉरी. चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा क्रॉस तुटला होता. इंजिन चालतं, चाकाला जोर नाही. ड्रायव्हर क्रॉस आणायला सावंतवाडीला गेलेला. लॉरीपाशी भाई एकटा.

कंडक्टर ओरडत होता, "ओ भाई, गाडी बाजूला घ्या! बाजार उठल्यावर पोचवू काय ह्यांना?" खिडक्यांतून बायका त्याहून मोठ्याने.

आमची पिकअप बारकी. ह्यांनी ती कडेच्या मेरेवरून तिरकी चढवून पुढे काढली. भाईने बघितलं. घाम पुसत आला.

"लवू, जरा वढ रे. शिरोड्याच्या गॅरेजीपर्यंत."

ह्यांनी आयेकडे बघितलं. मी म्हटलं, आता ही नाही म्हणणार.

"वढ की," आये म्हणाली. असा गोड आवाज मी तिच्या तोंडून नातवंडांसाठीही ऐकला नव्हता. "दोर आखूड बांध. आणि बुटक्या दांड्यार घाल."

"आये, रिकामी लॉरी आसा. दुसऱ्या गिअरात सहज जायत."

"मागे बसवाले आसत. तेंका धूळ लागात."

भाईला स्वतः स्टिअरिंगला बसावं लागलं. आयेने एक रिकामं खोकं हौद्यात पालथं घातलं आणि मागे तोंड करून त्याच्यावर बसली. मी तिच्या बाजूला. दहा हातांवर काच आणि काचेत भाई.

गाडी निघाली. मागून बस, तिला पुढे काढायला वाट नाही.  आयेने पानाची चंची सोडली, पान पुसलं, चुना लावला, सुपारी कातरली. सगळं भाईकडे बघत. भाई बिचारा (बिचारा असं आता म्हणते, तेव्हा म्हटलं नाही) कुठे बघणार? मान फिरवली की दोर ढिला, दोर ढिला पडला की झटका. दोनदा त्याने करून बघितलं, दोन्ही वेळा कपाळ काचेला लागलं.

आजगावच्या दुकानांतून लोक बाहेर आले. "भाई, वरात खंयची? नवरो दिसता, व्हकल खंय आसा?" बसमधून हशा. पोरीबाळी चालत पुढे जात होत्या आणि वळून बघत होत्या.

आजगाव मागे पडल्यावर भाईने खिडकीबाहेर डोकं काढलं. "काशीबाय, तोंड फिरव गो!"

आयेने कानाला हात लावला.

"तोंड फिरव! काय व्हया तुका?"

तिने मान हलवली. ऐकू येत नाही. तिला रात्री अंगणात बेडूक कुठल्या कोपऱ्यात आहे ते ऐकू यायचं.

दोन वळणं गेली. भाई पुटपुटल्यासारखं काही म्हणाला. मला ऐकू आलं.

"काय रे?" आये ओरडली. "इंजिनाचो आवाज मोठो!"

"चुकला माजा!"

"काय चुकला?"

भाईने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं. तोंड लाल. मागे बसमधली सगळी डोकी खिडक्यांबाहेर. "तुज्या पाटयेक मियां पाय लायलो! चुकला माजा!"

"परत सांग. बसवाल्यांका आयकाक येवक नाय."

त्याने परत सांगितलं. इतक्या मोठ्याने की शेतातला माणूस कोयता टाकून उभा राहिला.

आयेने पानाची पिंक बाजूला टाकली. मग वळली आणि केबिनच्या टपावर दोनदा थाप मारली.

"लवू, आता दुसऱ्यात घाल."

गॅरेजीपाशी हे दोर सोडत होते. भाई खाली उतरला, शर्ट पाठीला चिकटलेला. "झाला समाधान?" त्याने विचारलं.

"झाला," आये म्हणाली.

तेव्हापासून मी ऐकत आलेय की सूड घेऊन कोणाचं मन भरत नाही. कोणाचं भरत नसेल. आयेचं भरलं. मी बाजूलाच होते. त्या दिवशी बाजारात ती प्रत्येक गिऱ्हाइकाला वर एक बांगडा देत होती, जी जन्मभर एका शेपटीवरून भांडली. भाईच्या घरून मोलकरीण आली मासे घ्यायला, तिलाही दिला. फक्त तिच्यासाठी पाटी तळापर्यंत उपसली आणि सगळ्यांत बारका शोधून काढला.