उजवं टोक

दर वर्षी बुद्धपौर्णिमेच्या आधी आमच्या घरात एक रेशमी कापड तयार होतं. दोन हात लांब, दीड हात रुंद, आणि त्यावर शाईची वर्तुळं, एकात एक. ते विहारात मूर्तीखाली अंथरतात. माझे आबा, म्हणजे बाबांचे वडील, विहारात स्वयंपाक करायचे. तिथे मुक्कामाला आलेल्या एका जपानी म्हाताऱ्या कारागिराकडून ते हे काम शिकले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून समजावणं नाही, नुसतं बघणं. या कलेला सुमिनागाशी म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर मोबाइलवर कळलं. घरात आम्ही पाण्यावरचं काम म्हणतो.

आबांनंतर बाबांनी ते चालवलं. एकही पौर्णिमा कापडाशिवाय गेली नाही. यंदा जाईल की काय, अशी मला भीती होती.

बाबांचा उजवा हात दिवाळीपासून थरथर कापत होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बाबा त्या घेत होते, पण हात कापतो हे घरात कोणीच म्हणत नव्हतं. ते चहा डाव्या हाताने पिऊ लागले. उजवा हात खिशात. आई त्यांचा कप अर्धाच भरायची आणि मी दुसरीकडे बघायचे.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी ते मला म्हणाले, "ब्रश यंदा तू धर. मी कपडा धरतो."

एवढंच. 

काम सांगायला सोपं आहे. पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये पाणी घ्यायचं. एका ब्रशला शाई, दुसऱ्याला रिठ्याचं पाणी. शाईचा ब्रश पाण्याला टेकवला की काळा ठिपका पसरतो, त्याच्या मधोमध रिठ्याचा टेकवला की ठिपक्याची कडी होते. असं आळीपाळीने करत राहायचं. मग दोघांनी कापडाची दोन टोकं धरून ते पाण्यावर ठेवायचं. कापडाचं पोट, म्हणजे मधला भाग, आधी टेकलं पाहिजे, मग दोन्ही टोकं एकाच वेळी. हवा अडकली तर तिथे पांढरं राहतं. 'आता' असं कोणी म्हणत नाही, कारण बोललं तरी पाणी हलतं. डावं टोक मी दहा वर्षांची असल्यापासून धरते. उजवं टोक बाबांचं.

रेशमावर शाई एकदाच बसते. आणि यंदा कापड एकच होतं. आम्हाला उमरेडचा एक विणकर तुकडे द्यायचा. त्याने माग विकला, तो आता एका दुकानात कामाला आहे. शेवटचा तुकडा त्याने आमच्यासाठी ठेवला होता.

आबांचा नियम होता की ऊन अंगणात यायच्या आत कापड दोरीवर गेलं पाहिजे. उन्हात पाणी तापतं आणि शाई धावते. दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच बसलो. पण माझी पहिली शाई तळाला गेली. दुसऱ्यांदा कड्या झाल्या आणि फाटल्या. दर वेळी वर्तमानपत्राने शाई उचलायची, पाणी साफ करायचं, पुन्हा सुरू.

"रिठा दाबू नको," बाबा म्हणाले. "माशी बसते तसा टेकव."

"तसाच टेकवते आहे."

"माशी म्हटलं मी. तू म्हैस बसवून राहिली."

आई दारात हसली. मला हसू आलं नाही.

ऊन छपराच्या टिनावर आलं. कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. वारा नको म्हणून. कपाळाचा घाम पाण्यात पडला तर शाईला भोक पडतं, म्हणून आम्ही तिघांनी डोक्याला ओले दुपट्टे बांधले होते. शेजारच्या काकू अंगणातून ओरडल्या, "काहून गा भाऊ, लाइट कापली का तुमची? कूलर बंद हाये!"

"नाई वं, काम सुरू हाये," आई हळूच म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

तिसऱ्यांदा जमलं. कडीत कडी, बारीक, न फाटता. मी मोजायचं विसरले. बाबा काही बोलत नव्हते, म्हणजे बरोबर होतं. मी ब्रश खाली ठेवले, कापडाचं डावं टोक उचललं. बाबांनी उजवं उचललं.

कापड थरथरत होतं. त्यांच्या बाजूने सुरू होऊन लहर माझ्या बोटांपर्यंत येत होती. बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबलं, पण मग त्या बाजूचा एक कोपरा खाली लोंबला. त्यांनी तो पुन्हा धरला. पुन्हा थरथर. खाली माझ्या कड्या ट्रेच्या काठाकडे सरकत होत्या. काठाला लागल्या की संपलं. बाबांना ते माझ्याआधी दिसलं असेल. त्यांनी दात आवळले होते. मी आईकडे बघितलं, तिने मान खाली घातली.

बाबांना असं सांगणं माझं काम आहे का, ते मला आजही कळत नाही. मी तोंड बाजूला वळवलं, श्वास पाण्यावर जाऊ नये म्हणून, आणि म्हटलं, "बाबा, आईकडे द्या."

"काय?"

"टोक. आईकडे द्या."

"तिले काय येते याच्यातलं?"

आई पुढे आली. "रोज साड्याच्या घड्या घालतो न आमी दोघी. तसंच धराचं न?"

"घडी म्हनते याले!"

"बाबा, शाई पसरून राहिली."

त्यांनी टोक सोडलं नाही.  मग त्यांनी आईचा हात ओढून कोपरे तिच्या बोटांत दिले, एकेक करून, नीट, आणि दार उघडून बाहेर उन्हात गेले. दार त्यांनी मागून बंद केलं, आवाज न करता, म्हणजे झुळूक येणार नाही.

आईने बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या होत्या. ती पाण्याकडे बघतच नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. घडी घालायला साडी धरतो तेव्हाही ती तशीच बघते. मी हात खाली नेले, तिने नेले. पोट टेकलं. माझं टोक टेकलं. तिचं अर्ध्या श्वासाने उशिरा.

उचललं तेव्हा कापडभर कड्या होत्या. आईच्या बाजूला विड्याच्या पानाएवढी जागा पांढरी राहिली होती.

"माह्यानं पांढरं राहिलं," आई म्हणाली.

मी कापड दोरीवर टाकलं. आधी तिला काहीतरी म्हणायला पाहिजे होतं.

बाबा दुपारी घरात आले. दोरीवरच्या कापडासमोर उभे राहिले, जेवले, झोपले. विहारात न्यायचं की नाही, यावर एक शब्द नाही. पौर्णिमेपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पौर्णिमेच्या सकाळी मी अंघोळ करून आले तर ते पांढरा शर्ट घालून तयार होते आणि कापडाची पिशवी त्यांच्या काखेत होती.

विहारात गर्दी होती. भंतेजींनी कापड उलगडलं, जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "यंदा हात वेगळा दिसते?"

आई माझ्याजवळ सरकली. मागे आमच्या गल्लीतले दहाबारा जण उभे होते, शेजारच्या काकूसुद्धा.

"माहा नाही हा," बाबा म्हणाले. "माहा हात कापते आता." त्यांनी तो खिशातून काढून दाखवला, सगळ्यांसमोर, आणि काही वेळ तसाच ठेवला. "माय-लेकीनं केलं हे."

भंतेजी मूर्तीखाली कापड अंथरायला वाकले. पांढरी जागा पुढे आली.

"ते मागं घ्या, भंतेजी," बाबा म्हणाले. "ते काही बरोबर नाही झालं. पुढच्या साली पांढरं नाही राहनार."